म्हातारीकडची धडधाकट माणसं

४ नोव्हेंबर

साडूभाऊ,

नमस्कार. विनंती नाही, विशेषही काही नाही, तक्रार तेवढी आहे. फोनच करणार होतो, पण दिवसभर त्याला कान लावून बसल्यावर संध्याकाळी आपल्या माणसाशीसुद्धा त्यावर बोलवत नाही. विमा एजंटानं नातेवाइकांना पत्रंच लिहावीत, असं तुम्हीच म्हणाला होतात. मधेच कुणाचा दुसरा कॉल येत नाही.

तर म्हातारीनं पुन्हा दर वाढवले. या खेपेला शंभराला बावीस. आमची ही माझ्या खांद्यावरून हे पत्र वाचतेय आणि तिला अजून वाटतं, म्हातारी म्हणजे कुणी खरीच बाई आहे. तिच्यासाठी लिहून ठेवतो. माणसाचा मूळ विमा हॉस्पिटलच्या बिलाचा मोठा वाटा देतो, उरलेला वाटा माणसाच्या अंगावर पडतो. तो अंगावरचा वाटा उचलणारा पूरक विमा आपण दोघं विकतो, तुम्ही तुमच्या गावात, मी माझ्या. त्यातल्या सगळ्यात जुन्या कंपनीला आपण म्हातारी म्हणतो. झालं समाधान? ती म्हणतेय, नाही.

सकाळी शटर वर करायच्या आधीच पायरीवर माणसं बसलेली असतात. प्रत्येकाच्या हातात म्हातारीचं दरवाढीचं पत्र, चार घड्या घातलेलं. प्रश्न सगळ्यांचा एकच. मी वर्षभरात एक पैसाही मागितला नाही, मग माझा हप्ता का वाढला? मी सांगतो, तुम्ही नाही मागितला, पण तुमच्यासारख्याच दुसऱ्या कुणी मागितला. मग ती माणसं शेजारी बसलेल्याकडे संशयानं बघायला लागतात. सांगून सांगून माझ्या जिभेला फोड यायचे बाकी आहेत.

मी तिन्ही कंपन्यांची दरवाढ शेजारी शेजारी मांडून बघितली. म्हातारी बावीस. मधली चौदा, पण मधलीचं तुम्हाला ठाऊक आहे. देते खरी, पण तिचे पैसे हातात पडेपर्यंत पेशंट बरा होऊन परत आजारी पडलेला असतो. नवरी, म्हणजे दोन वर्षांपूर्वी आलेली ती कंपनी, तिनं फक्त पाच वाढवले, आणि मुळातच ती म्हातारीपेक्षा बरीच स्वस्त. एकच आहे, ती तब्येतीचे प्रश्न विचारते. साखर, हृदय, गाठ, काही निघालं की उंबऱ्यातूनच परत पाठवते.

माझं म्हणणं असं, की जी माणसं नवरी घेईल ती सगळी या महिन्यातच हलवून टाकू. दोघांनीही. आणि तुम्ही आणि ताईही चला. तुमचं दोघांचं काम मी इथून करून देतो, कमिशन तुमच्याच नावावर.

ताई कशा आहेत? हिनं फोन केला की "नंतर करते" म्हणतात आणि ते नंतर काही येत नाही. बहिणीबहिणींचं बिनसलंय का काही? मला या घरात कुणी काही सांगत नाही.

तुमचा,
धाकटा साडू


११ नोव्हेंबर

धाकटे,

पत्र पोचलं. हिशेब चोख मांडलात, शिकवणी वाया गेली नाही म्हणायची.

पण नव्याचे नऊ दिवस असतात, हेही मीच शिकवलं होतं. नवरी आज स्वस्त आहे, कारण तिच्याकडे आजारी कुणी नाही. चार वर्षांनी तिच्याकडचीही माणसं म्हातारी होतील, तेव्हा तीही हेच करेल. मी अशा तीन नवऱ्या आलेल्या पाहिल्यात. त्यातली एक तर बोऱ्याबिस्तर गुंडाळून गेली आणि शिव्या मी खाल्ल्या.

दुसरं असं, की आपण हलवतो कुणाला? धडधाकटांना. मागे राहतं कोण? ज्यांना दुसरं कुणी दारात उभं करत नाही ते. म्हातारी दर विभागवार ठरवते आणि तुमचं गाव, माझं गाव एकाच विभागात येतं. धडधाकट माणसं गेली की उरलेल्यांचा दर पुढच्या वर्षी आणखी चढतो. मग त्यातली जरा बरी असलेली निघतात, आणि तो परत चढतो. शेवटी अंथरुणाला खिळलेली माणसं एकमेकांची बिलं भरत बसतात. हे एजंटच करतात. कंपनीला नुसतं बघत बसावं लागतं.

म्हणून मी या वर्षी कुणालाच हलवणार नाही. रोज दारोदार फिरून सांगतोय, थांबा. घरी फक्त जेवायला आणि निजायला येतो. पायाचे तुकडे पडलेत, पण बहुतेक ऐकताहेत. इतक्या वर्षांची ओळख आहे, माझा शब्द खाली पडत नाही. तुम्हीही हात आवरा, एवढं एक वर्ष तरी. थोरला म्हणून सांगतो.

तुमच्या ताई बऱ्या आहेत. जिना चढताना दमते, वय झालं. सुट्टीत इकडे यायचं म्हणत होतात, ते या वेळी राहू द्या. घरात रंगकाम काढलंय, बसायला जागा नाही.

थोरला


२६ नोव्हेंबर

साडूभाऊ,

तुमचा शब्द मोडला, आधीच सांगून टाकतो. माझी निम्म्याहून जास्त माणसं नवरीकडे गेली. काल एक निवृत्त नर्स हप्त्याचा आकडा बघून माझ्या टेबलाशीच रडली. आनंदानं. अशा बाईला मी काय सांगू, की माझ्या साडूंचं तत्त्व आहे, तुम्ही जास्त भरा? तुमचं सगळं खरं आहे, पण ते वर्गात फळ्यावर खरं आहे. माझ्यासमोर एक माणूस बसतो, त्याचं भलं बघायचं हा आपला धंदा.

आता दुसरी गोष्ट, ती लिहावी की नाही याचा चार दिवस विचार केला. तुमच्या गावचा तो पंप दुरुस्त करणारा, तो इथे एका इमारतीत पंप बसवायला आला होता. मला ओळखतो, म्हणून चहाला थांबला. गडी एकदम खणखणीत, पन्नाशीतही टाकीवर माकडासारखा चढतो. नवरी त्याला ओवाळून घरात घेईल. मी म्हटलं, का गेला नाहीस? तर म्हणाला, साहेब म्हणाले नवी कंपनी क्लेम आला की हात वर करते, जाऊ नकोस.

साडूभाऊ, गेल्याच वर्षी तुम्ही मला सांगितलं होतं, की नवरीनं तुमच्या एका ग्राहकाचे पैसे पंधरवड्याच्या आत दिले. तिन्हींत देण्याला तीच चोख, हे शब्द तुमचे आहेत. मग पंपवाल्याला ही थाप कशाला मारलीत?

इकडे बोललं जातंय, की जुनी माणसं टिकवून धरणाऱ्या एजंटांना म्हातारी या वर्षी वरकड कमिशन देतेय. मी हसण्यावारी नेलं होतं. आता हसू येत नाही. या धंद्यात मला तुम्ही आणलंत. माणसाशी खोटं बोलून पॉलिसी विकायची नाही, ही पहिली गोष्ट तुम्ही शिकवली होती. चुकत असेन तर खडसवा, पण उत्तर द्या.

ताईंचं तरी मला करू द्या. त्यांची जन्मतारीख वगैरे हिच्याकडे आहे, मी कागद तयार करायला घेतोय. सही तेवढी पाठवा.

धाकटा


२९ नोव्हेंबर

धाकटे,

माझ्या घरातल्या कुणाच्याही पॉलिसीला हात लावायचा नाही. तयार केलेले कागद फाडून टाका.

माझ्या ग्राहकांना चहाला थांबवू नका.

कमिशनचं म्हणाल तर तुमची मर्जी. जे मानायचं ते माना.

थोरला


१७ डिसेंबर

साडूभाऊ,

ही तुमच्याकडे येऊन गेली ते तुम्हाला कळलं असेलच. तुम्ही तेव्हा कुणाच्या तरी दारात उभे होता. "फाडून टाका" वाचून ती म्हणाली, भांडण तुमच्या धंद्याचं असेल, माझी बहीण मी बघून येते. न सांगता गेली, कारण सांगितलं असतं तर तुम्ही परत रंगकाम काढलं असतंत.

रंगकाम कुठेच नव्हतं. पलंग पुढच्या खोलीत आणलेला, शेजारी औषधांचं टेबल, आणि ताईंच्या डोक्याला रुमाल. ही म्हणते, आधी वाटलं नुकतीच न्हायलीय. मग रुमालाखाली केस नाहीत हे लक्षात आलं आणि हातातली पिशवी खाली ठेवायचंही तिला सुचेना. ताईच म्हणाल्या, "ठेव ती पिशवी, हात दुखेल." त्यांच्या आईचंच दुखणं. आणि म्हणे आठ महिने झाले.

परत आल्यापासून ही स्वयंपाकघरात भांडी लावतेय, काढतेय, परत लावतेय. आठ महिने मी तुमच्याशी दरांवर चर्चा करत होतो आणि मला वास लागला नाही, हा माझा गुन्हा. मला मान्य आहे.

आता सगळं उलगडलं. ताईंना नवरी घेणार नाही, मधलीही नाही. म्हातारी हा एकच आधार, आणि तिचा दर चढत राहिला तर तोही परवडायचा नाही. तो चढू नये म्हणून तुम्ही धडधाकट माणसं तिच्याकडे धरून ठेवताय. बायको आजारी पडली की कुणी नवस करतो, कुणी दहा डॉक्टर पालथे घालतो. तुम्ही दारोदार फिरून विभागाची सरासरी सांभाळताय. असलं काही विमा एजंटाशिवाय दुसऱ्या कुणाला सुचणार नाही.

आणि मी त्याच विभागातून निम्मी निरोगी माणसं उचलून दिली. ताईंच्याच ताटातून. तुम्ही "हात आवरा" म्हणालात तेव्हा कारण का नाही सांगितलंत? एका ओळीत माझा हात थांबला असता.

पण साडूभाऊ, या विभागात आपल्यासारखे चाळीस-पन्नास एजंट आहेत. तुमच्या माणसांनी म्हातारीच्या दरात केसाएवढा फरक पडेल की नाही, शंका आहे. हे तुम्हाला माझ्याहून चांगलं कळतं.

तरीही सांगतो. त्या दिवसापासून मी एकालाही नवरीकडे नेलेलं नाही. आणि आमचे दोघांचे कागद नवरीकडे जायला तयार होते, ते मी परत मागवले. आम्ही दोघं म्हातारीकडेच राहतो. उपयोग नसेल तर नसू दे.

धाकटा


२२ डिसेंबर

धाकटे,

रागावलो नाही. मेहुणी आली त्या दिवसापासून तुमच्या ताई जरा जेवायला लागल्यात.

सांगायचं नाही ही तिचीच शपथ होती. आईच्या वेळी धाकटीनं स्वतःचे काय हाल करून घेतले ते तिनं पाहिलं होतं. परत तसं नको म्हणाली.

केसाएवढा फरक, हे बरोबर आहे. मला हिशेब येत नाही असं नाही. पण डॉक्टर सगळं करतात, नर्स येते, इंजेक्शन देते, जाते. मी खुर्चीवर बसून राहतो. धाकटे, मला दुसरं काही येत नाही. तीस वर्षांत मी एकच गोष्ट शिकलो, माणसाला पॉलिसीत टिकवून ठेवायला. सकाळी घराबाहेर पडलो, की निदान तिच्यासाठी काहीतरी करतोय असं वाटतं. घरात बसलो की वाटत नाही.

नवरीबद्दल खोटं बोललो. पंपवाल्याशी आणि आणखी काही जणांशी. ते मला आवडलं असेल असं समजू नका.

तुमच्या दोघांचे कागद परत मागवलेत हे वाचून मी बराच वेळ बाहेर जाऊन उभा होतो. नको म्हणायला हवं. म्हणवत नाही. एक वर्ष थांबा. जमलं तर तुमच्याकडची उरलेलीही थांबवा.

थोरला


९ फेब्रुवारी

भावोजी,

हे पत्र ह्यांचं नाही, माझं आहे. अक्षर वाकडं झालंय, हाताला सुयांचे डाग आहेत, सांभाळून घ्या. आणि माझ्या बहिणीला आधी बाजूला बसवा आणि मोठ्यानं वाचून दाखवा, म्हणजे ती ओळी गाळून वाचणार नाही.

गेल्या महिन्यात पंपवाल्याची बायको आमच्या दारात आली. हे बाहेर होते. म्हणून भिंत धरत धरत मीच दार उघडलं. माझं डोकं बघून ती बिचारी एवढी दचकली, की काय बोलायला आली तेच विसरली. मी तिला बसवलं, मग हळूहळू निघालं. बावीस टक्के वाढ त्यांना झेपली नव्हती. साहेबांनी नव्या कंपनीत जाऊ नको म्हटलं म्हणून गेला नाही, आणि साहेबांना हप्ता परवडत नाही सांगायची लाज वाटली म्हणून सांगितलं नाही. पॉलिसी गपचूप सोडून दिली. जानेवारीत टाकीवरून पडला, कमरेचं हाड मोडलं. मूळ विम्यानं आपला वाटा दिला, उरलेला सगळा त्यांच्या अंगावर आला. ती भांडायला नव्हती आली. एवढंच विचारायला आली होती, की साहेबांच्या ओळखीनं थोडं तरी मिळेल का.

ती गेल्यावर हे आले. मी विचारलं, चांगली स्वस्त कंपनी असताना तुम्ही त्याला जाऊ नको का म्हणालात? हे बूट काढत होते. एक बूट काढला आणि दुसरा तसाच ठेवून सगळं सांगितलं. मला तोवर यातलं काही माहीत नव्हतं. मला वाटायचं, हे कामाला जातात.

भावोजी, मला खूप राग आला. आजारी पडल्यापासून मला सगळे इतकं जपतात, की मी रागावू शकते हेच मी विसरले होते. मी म्हटलं, माझ्या पलंगाखाली तुम्ही कुणाकुणाला घालून ठेवलंय?

दुसऱ्या दिवशी त्यांना पंपवाल्याकडे पाठवलं. सगळं खरं सांगून या, म्हटलं. सांगितलं त्यांनी. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बायको म्हणाली, "आता या तुम्ही." त्यांच्या बिलातलं आम्हाला जेवढं उचलता येईल तेवढं उचलू. तो परत टाकीवर चढेल की नाही ते डॉक्टरही सांगत नाहीत. याला काही उपाय नाही, आणि आहे असं मी ह्यांना म्हणू देत नाही.

मग मी त्यांचा फोन मागून घेतला. तुम्हाला आठवत असेल, पूर्वी ऑफिसचे फोन मीच घ्यायचे. ज्यांना ज्यांना त्यांनी थांबवलं होतं, त्यांना रोज सकाळी अंगात त्राण असेल तेवढे फोन करते. सांगते, मी एजंटची बायको बोलतेय. मला कॅन्सर आहे. माझा दर चढू नये म्हणून ह्यांनी तुम्हाला जुन्या कंपनीत ठेवलं. तुमची तब्येत चांगली असेल तर आजच निघा, नवी कंपनी पैसे वेळेवर देते.

माणसं काय काय बोलतात, ऐकायला हवं तुम्ही. एका गृहस्थांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोलत बसले. एक जण ह्यांना फसव्या म्हणाला. मी म्हटलं, बरोबर आहे. एक बाई रडायला लागल्या, आम्ही तुमच्यासाठी राहतो म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, तुम्ही मला कधी बघितलेलंही नाही, माझ्यासाठी कशाला राहता, निघा.

काल शेवटचा फोन झाला. बहुतेक सगळे निघाले. आमचा हप्ता पुढच्या वर्षी चढेल तेव्हा चढेल. ऑफिसचा गाळा भाड्यानं देतोय. हे आता पुढच्या खोलीतच टेबल टाकून काम करतील, माझ्या पलंगाशेजारी.

आता तुमचं. तुम्ही दोघं म्हातारीकडे राहिलात हे मला ह्यांनी सांगितलं. भावोजी, तुम्ही चांगले आहात, पण दोघे साडू मिळून अगदी एका माळेचे मणी. माझी बहीण आईचीच मुलगी आहे. उद्या तिला काही निघालं, तर तिलाही नवरीच्या दारात कुणी उभं करणार नाही. आज धडधाकट आहे तोवर तिला तिकडे पोचवा. हे मी सांगत नाही, बजावतेय. तुमची उरलेली माणसंही हलवा. माझ्या ताटातलं गेलं म्हणत होतात ना? ते ताट माझं नव्हतंच.

आणि तिला इकडे पाठवा, आठ दिवसांसाठी. काही करायला नको, नुसती बसू दे.

एक गोष्ट लिहायची राहिली. दहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा बाहेर आल्यावर ह्यांचं पहिलं वाक्य होतं, "पॉलिसी चालू आहे, काळजी करू नकोस." तेव्हापासून मी काहीही म्हटलं तरी उत्तर तेच. मी काळजी करत नव्हते, भावोजी. मी घाबरले होते. ते काही पॉलिसीत बसत नाही, म्हणून त्यांना दिसलं नसावं.

काल शेवटचा फोन ठेवला, तेव्हा ह्यांना बाहेर जायला काही कारण उरलं नव्हतं. खुर्ची ओढून बसले. मग विचारलं, "भीती वाटते का तुला?"

मी म्हटलं, "हो."

"मलाही," ते म्हणाले.

ताई